नगरसेवकपदासाठी डिजिटल प्रचाराचं पॅकेज: घ्यावं का?

जाऊबाई निवडून आल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी ‘पडल्यात म्हणून चिडल्यात’ असं म्हणायला नको. ज्या एजन्सीकडून आम्ही प्रचाराचं पॅकेज घेतलं, तिने आता जाऊबाईंचा फोटो स्वतःच्या जाहिरातीत लावलाय. वर ‘आमचा आणखी एक विजयी उमेदवार’ आणि खाली महापालिका, जिल्हा परिषदेच्या इच्छुकांसाठी नवे दर. ती जाहिरात बघून ओळखीतल्या काही जणांचे मला फोन आले, ‘घ्यावं का ओ?’ म्हणून. प्रत्येकाला तासभर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहिते. एजन्सीचं नाव घालत नाही. अशा एजन्स्या आता प्रत्येक शहरात निघाल्यात आणि त्यांची दरपत्रकं एकमेकांची झेरॉक्स असतात. झेरॉक्सचं मला कळतं, माझं दुकानच ते आहे.

आमची नगरपरिषद सांगली जिल्ह्यातली, क वर्गाची. मतदान २ डिसेंबर २०२५ ला झालं. प्रभागात दोन जागा, त्यातली ‘अ’ महिलांसाठी राखीव, तिथे जाऊबाई स्थानिक आघाडीकडून उभ्या. प्रभागात मतदार साधारण तीन हजार. क वर्गात सदस्याला खर्चाची मर्यादा अडीच लाख रुपये. दुकानात कॉम्प्युटर, प्रिंटर आणि मी, तिघंही हाताशी असल्यामुळे खर्चाची वही घरातल्यांनी माझ्याकडे दिली. म्हणून या पॅकेजचा रुपया न् रुपया मला पाठ आहे.

पॅकेज साठ हजारांचं, वर १८ टक्के जीएसटी. त्यात फेसबुक पेज आणि इन्स्टाग्राम चालवणं, रोज दोन पोस्टर, सहा रील, एक प्रचारगीत, ‘बल्क व्हॉट्सॲप’ आणि उमेदवाराच्या आवाजातला रेकॉर्ड केलेला फोन. जाहिरातीचे, म्हणजे पोस्ट ‘बूस्ट’ करायचे पैसे वेगळे. मतदार यादीचं ॲप आणि त्याचा प्रिंटर तेही वेगळे, आणि खरं तर ते दुसऱ्याच कंपनीचं, एजन्सी मध्ये कमिशन खाते. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावर येणार आहे.

आता एवढ्या लहान प्रभागाला हे लागतंच कशाला, असं माझ्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं. त्यावर मोठे दीर, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, म्हणाले, ‘समोरच्यानं घेतलंय.’ विषय संपला. त्यांचंही पूर्ण चूक नव्हतं. आमच्याकडची आधीची निवडणूक २०१६ ची, नोटाबंदीच्या धामधुमीतली. जिओ तेव्हा नुकतंच आलं होतं, प्रभागात निम्म्यांकडे साधे फोन, प्रचार म्हणजे रिक्षाचा भोंगा आणि घडीपत्रिका. पुढे मुदत संपल्यावर प्रशासक बसला तो बसलाच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिला तेव्हा कुठे निवडणुकीचं चाक हललं. मधल्या नऊ वर्षांत घराघरात फोन आला, नेट स्वस्त झालं. त्यामुळे नगरपरिषदेची ही पहिलीच निवडणूक, जिथे पंचाहत्तर वर्षांची आजीसुद्धा रील बघते. तिच्यापर्यंत पोचायचं कसं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. एजन्सीने त्या न कळण्याचेच पैसे लावले, असं माझं मत.

पहिल्यांदा पोस्टरं. फोटो काढायला एक पोरगा आला, दोन तास काढले, फोटो छान. मग ते ‘एन्हान्स’ होऊन आले. जाऊबाई रंगाने गोऱ्यापान, गालावरचा तीळ गायब, वय पंधरा वर्षांनी कमी. मागे कुठल्याशा परदेशी शहरातले काचेचे टॉवर. आमच्या गावात एसटी स्टँडला धड शेड नाही. टॉवर काढायला सांगितले तर म्हणे, ‘मॅडम, तो व्हिजनचा भाग आहे.’ टॉवर गेले, पण गोरेपणा राहिला, कारण दिरांना तो आवडला. परिणाम असा की प्रचारफेरीत वरच्या आळीला एक म्हातारी पत्रक हातात धरून जाऊबाईंनाच विचारते, ‘ह्या बाई कधी येणार?’ मी शेजारीच उभी होते. हसून हसून पोटात दुखलं, पण रात्री वही लिहिताना तेवढं हसू आलं नाही. प्रभागातल्या उमेदवाराला निदान चेहरा तरी स्वतःचा ठेवू द्यावा.

चिन्हाची गंमत याहून वरची. आघाडीला नि अपक्षांना चिन्हं मिळाली २६ नोव्हेंबरला. म्हणजे चिन्हासकट प्रचाराला जेमतेम सहा दिवस. आमचं चिन्ह कपबशी. एजन्सीकडून त्याच रात्री नवी पोस्टरं आली आणि त्यावर वाफाळता कॉफीचा मग. बशी नाहीच! एआयने केलेलं चित्र होतं, त्याला कपबशी म्हणजे काय हे कुणी सांगितलं नसावं. यंत्रावर आयोगाचं काळं-पांढरं रेखाटन असतं, मतदार तेच शोधतो. चिन्ह हुबेहूब तसंच दाखवायचं, हे वॉर्डातला कुठलाही जुना कार्यकर्ता झोपेत सांगेल. ते आमच्या पुतणीने मोबाईलवर दहा मिनिटांत दुरुस्त केलं. ती अकरावीत आहे.

गाण्याबद्दल थोडक्यात. एआयचा आवाज, मराठी पुस्तकी. ‘आपल्या प्रभागाचा सर्वांगीण कायापालट करण्यासाठी’ अशी ओळ चालीत बसवलेली. जाऊबाई ‘व्हय गं बाई’ करून बोलणाऱ्या. रिक्षावर लावलं, दुसऱ्या दिवशी काढलं.

आता एक नाजूक गोष्ट. महिला राखीव जागा आणि पोस्टरवर नवऱ्याचा फोटो. आमच्या एजन्सीच्या प्रत्येक साच्यात ‘ताईसाहेबां’च्या मागे ‘भाऊं’चा फोटो ठरलेला, आणि दोन ठिकाणी तर भाऊ मोठे, ताई लहान. सगळा पत्रव्यवहार दिरांच्या फोनवर, मंजुरी त्यांची, पेजवरची उत्तरं त्यांच्या सांगण्यावरून. मी विचारलं, तेव्हा तो पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला, ‘वहिनी, पैसे सर देतात ना.’ राज्यात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत, म्हणजे या धंद्याचं निम्मं गिऱ्हाईक बाई आहे, आणि साचे सगळे पुरुषांसाठी बनवलेले. रील्सचंही तेच. गाडीतून उतरणं, स्लो मोशनमध्ये चालणं, मागे पंधरा पोरं, वरून ड्रोन. जाऊबाईंना एकदा तसं चालायला लावलं. तीनदा ‘पुन्हा’ म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘माझी भाजी गॅसवर हाय,’ आणि निघून गेल्या. तेवढाच तुकडा कापून पेजवर टाकला असता तर चार मतं जास्त मिळाली असती.

श्रद्धांजलीची पोस्ट हा वॉर्डातल्या प्रचाराचा मोठा भाग असतो, शहरातल्या लोकांना हे कळत नाही. गल्लीत कुणी गेलं तर उमेदवाराकडून तासाभरात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ यावी लागते. आमच्या एजन्सीने एका गेलेल्या काकांची पोस्ट केली, वर त्यांचा फोटो आणि खाली कोपऱ्यात जाऊबाई दोन्ही हात जोडून खळाळून हसतायत, शेजारी ‘बदल हवा तर चेहरा नवा’. साचा तोच वापरला, दुसरं काय. पोस्ट काढायला वीस मिनिटं लागली. जाऊबाई स्वतः त्या घरी जाऊन बसल्या म्हणून निभावलं.

आता बूस्टिंग. इथे पैसे खरोखर जातात, म्हणून जरा सविस्तर.

फेसबुकवर जाहिरात दाखवायची जागा नकाशावर टाचणी लावून ठरवता येते, पण त्या टाचणीभोवतीचं वर्तुळ एक किलोमीटरपेक्षा लहान होत नाही. आमचा प्रभाग म्हणजे तीन गल्ल्या, एक झोपडपट्टी आणि नवी कॉलनी. एक किलोमीटरच्या वर्तुळात आमच्याशिवाय आणखी चार-पाच प्रभाग आणि अर्धी बाजारपेठ येते. पिनकोड टाकावा तर आजूबाजूची खेडी आत येतात, आणि खेड्यातल्यांना नगरपरिषदेत मतच नाही. म्हणजे शंभर रुपये घातले तर पंधरा-वीसच आपल्या मतदारावर पडणार, हे गणित दुकानात बसून मीही करू शकले. एजन्सीने मात्र वर्तुळ आणखी मोठं केलं होतं. का, तर जास्त लोकांत दाखवलं की एक ‘व्ह्यू’ स्वस्त पडतो आणि रात्री दिरांना पाठवायच्या रिपोर्टमध्ये आकडा फुगतो. ‘सर, आज तीस हजार रीच!’ म्हणजे तीस हजार जणांना दिसलं. तीन हजार मतदारांच्या प्रभागात तीस हजार रीच. दीर तो स्क्रीनशॉट आघाडीच्या ग्रुपवर टाकायचे.

हे मला कळलं ते ॲड लायब्ररीतून, म्हणजे फेसबुकच्याच जाहिरातींच्या खुल्या संग्रहातून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: निवडणुकीच्या जाहिराती फेसबुक-इन्स्टाग्रामवर देणाऱ्याला आधी ओळखपत्राने ओळख पटवावी लागते, आणि जाहिरातीवर पैसे कोणी दिले ते दिसावं लागतं. भारतात हे २०१९ पासून आहे. अशी प्रत्येक जाहिरात सात वर्षं सगळ्यांना बघायला उघडी राहते. किती खर्च झाला त्याचा अंदाजे पट्टा, किती वेळा दिसली, बघणाऱ्यांत बायका किती, पुरुष किती, कुठल्या वयाचे, सगळं. अकाउंटसुद्धा लागत नाही. मी आमचीच जाहिरात उघडली. बघणाऱ्यांत सगळ्यात मोठा गट १८ ते २४ वयाच्या पोरांचा. आमची निम्म्याहून जास्त आशा बचत गटातल्या बायकांवर! आणि ‘पैसे कोणी दिले’ तिथे जाऊबाईंचं नाव नाही, एजन्सीचं. त्यांनी एकाच खात्यातून अनेक गावांचे उमेदवार चालवले होते. ओळख पटवायला वेळ लागतो, म्हणून हा शॉर्टकट. खर्चाच्या वहीत मी काय लिहायचं? फेसबुकचं बिल त्यांच्या नावावर, आमच्याकडे त्यांचा हाताने लिहिलेला कागद. शेवटी जीएसटीचं पक्कं बिल दिल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, असं मी सांगितल्यावर ते मिळालं. राज्य निवडणूक आयोगाच्या २०२५ च्या आदेशाप्रमाणे समाजमाध्यमावरच्या जाहिरातीही आधी समितीकडून प्रमाणित करून घ्याव्या लागतात. एजन्सीच्या दरपत्रकात त्याचा उल्लेख नव्हता. ते काम आघाडीच्या वकिलाने केलं. तुम्ही एजन्सी बघायला गेलात तर पहिला प्रश्न हाच विचारा, प्रमाणपत्र कोण आणणार? दुसरा, जाहिरातीवर नाव कुणाचं येणार? उत्तर देताना समोरचा ‘गावात कोण बघतंय’ म्हणाला, तर चहा पिऊन उठा.

त्याच लायब्ररीत मी समोरच्या उमेदवाराच्याही जाहिराती बघितल्या. त्यांनीही आमच्याइतकेच पैसे शेजारच्या प्रभागांवर उधळले होते. मनाला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कमेंटचं प्रकरण मात्र अंगाशी आलं असतं. पेज सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात कमेंटमध्ये फुलं, हात जोडलेले, ‘फिक्स नगरसेविका’. मग हळूहळू खरी माणसं आली. ‘ताई, पाणी चार दिवसांआड येतंय, त्याचं काय?’ ‘गटारीवरचं झाकण फुटून वर्ष झालं.’ ‘मागच्या टर्मला तुमच्याच घरातलं कोण होतं?’ हा शेवटचा दणका, कारण चुलत सासरे होते. एजन्सीचा पोरगा सांगलीत बसून असल्या कमेंट पुसत होता. त्याला कंत्राटात ‘निगेटिव्ह कमेंट काढणे’ असं कलमच होतं. पण पाण्याबद्दलची ज्या माणसाची कमेंट पुसली, त्याने आधी स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. तो कॉलनीच्या ग्रुपवर गेला, खाली ओळ: ‘निवडून यायच्या आधीच तोंड बंद करायला लागल्या.’ संध्याकाळपर्यंत तो आमच्या भिशीच्या ग्रुपवर माझ्याकडेच फिरून आला.

जाऊबाईंनी यावर जे केलं ते कुठल्याच पॅकेजमध्ये नव्हतं. पुतणीला घेऊन त्या कॉलनीतल्या त्या माणसाच्या नळापाशी गेल्या. नळाला पाणी नव्हतंच. तिथे उभ्या राहून, डोक्यावर पदर नीट न करता, मोबाईलसमोर बोलल्या. टाकी कुठे, व्हॉल्व्ह कुठे, कॉलनीला पाणी पोचेपर्यंत दाब का जातो आणि व्हॉल्व्ह सोडायचं वेळापत्रक लावलं तर निदान दिवसाआड पाणी कसं देता येईल. मागच्या टर्मबद्दल म्हणाल्या, ‘व्हय, आमच्याच घरातले होते, त्यांनी केलं नाही, म्हणून मी उभी राहिले.’ एक मिनिटाच्या आसपासचा व्हिडिओ. एक कॅमेरा, एक आवाज, मागे कुत्रं भुंकतंय. तो बूस्ट केला नाही. ज्याची कमेंट पुसली होती, त्यानेच तो ग्रुपवर टाकला. दिरांना तो अजिबात आवडला नव्हता, चुलत सासऱ्यांना तर त्याहून नाही, दिवाळीचा फराळ परत येतो की काय असं घरात वातावरण होतं. पण फेरीत लोक त्या व्हिडिओवर बोलायला लागले. ड्रोनच्या रीलबद्दल मला एकाही दारात कुणी अवाक्षर काढलेलं आठवत नाही.

व्हॉट्सॲपकडे वळू. ‘बल्क व्हॉट्सॲप’ हे पॅकेजमधलं सगळ्यात वाईट कलम. एकतर व्हॉट्सॲपच्या नियमांत असे ढिगाने पाठवलेले संदेश बसत नाहीत, आणि त्यांच्या बिझनेस प्लॅटफॉर्मवर तर राजकीय पक्ष, उमेदवार, प्रचार यांना मनाईच आहे. एजन्सी कुठल्यातरी जुगाडाने पाठवते. जाऊबाईंच्या नावाने नवं सिम घेतलं, त्यावरून संदेश सुटले, आणि तो नंबर बंद पडला. पत्रकावर छापलेला नंबर तोच. पत्रकं पुन्हा छापायची नाहीत म्हणून पोरांनी बसून स्टिकर चिकटवले.

आणि हे संदेश जाणार कुणाला? एजन्सीने अभिमानाने सांगितलं होतं, ‘तुमच्या प्रभागाची मोबाईल नंबरसह यादी आहे आमच्याकडे.’ आयोगाच्या मतदार यादीत मोबाईल नंबर नसतात. मग आले कुठून? मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा विषय बदलला. त्या यादीत माझाही नंबर होता, नावासमोर माहेरचं आडनाव. बँकेत जुन्या फॉर्मवर होतं तसं. लोकांची खाजगी माहिती अशी फिरवण्याविरुद्ध २०२३ चा कायदा आहे आणि त्याचे नियम आमचा प्रचार चालू असतानाच, नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्याचे मुख्य दात अजून फुटायचेत, पण उमेदवाराने असल्या यादीपासून लांब राहावं. कायद्याचं राहू दे, ज्याचा नंबर आपण चोरून मिळवला त्याच्याकडे मत मागायला जायचं, कसं वाटतं ते?

खरं व्हॉट्सॲप वेगळंच असतं. गल्लीचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा, बचत गटाचा, दूध डेअरीचा, भजनी मंडळाचा. यातल्या निम्म्यांवर ॲडमिनने आचारसंहिता लागताच ‘राजकीय पोस्ट टाकू नये’ लिहून ठेवलं, दोन ग्रुप तर चक्क कुलूपबंद केले, फक्त ॲडमिन बोलणार. तिथे पोस्टर टाकलं की आपला माणूस बाहेर. पण पाण्याचा व्हिडिओ चालला, कारण तो पाण्याचा होता. फॉरवर्डवरही मर्यादा आहे, एका वेळी पाचच ठिकाणी, आणि फार फिरलेला संदेश असेल तर एकाच ठिकाणी. ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांची, तीही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. म्हणून मी सांगेन, महिनाभर आधी उमेदवाराचा नंबर लोकांच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्या, बाकी काही नाही केलं तरी चालेल. दोन्हीकडे एकमेकांचा नंबर सेव्ह झाला की स्टेटस दिसतं, आणि आमच्या गावची निवडणूक फेसबुकपेक्षा स्टेटसवर जास्त लढली गेली. कुणी कुणाचं पोस्टर स्टेटसला ठेवलं, कुणी दुपारी काढलं, कुणी दोघांचीही ठेवली. माझ्या मावससासूबाई दोघांची ठेवणाऱ्यांतल्या. त्यांनी मत कुणाला दिलं ते अजून कळलेलं नाही. एजन्सीचे व्हिडिओ स्टेटससाठी लांब, मधेच तुटायचे, ‘मी आपल्या प्रभागासाठी…’ आणि खलास.

आता कौतुक करते. मतदार यादीचं ॲप आणि खिशात मावणारा थर्मल प्रिंटर, ही एकच गोष्ट दुप्पट पैसे देऊनही घ्यावी अशी. यादी विधानसभेची, १ जुलै २०२५ ची, प्रभागानुसार फोडलेली. एकाच घरातली माणसं तीन भागांत विखुरलेली, कुणाचं नाव शेजारच्या प्रभागात, संभाव्य दुबार नावांपुढे आयोगाच्या दोन चांदण्या. कागदी यादीत हे शोधायचं म्हणजे डोळे जातात. ॲपमध्ये आडनाव टाका, घर टाका, कुटुंब एकत्र दिसतं. नाव सापडलं की प्रिंटरमधून चिठ्ठी: नाव, भाग, अनुक्रमांक, केंद्र, खोली. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात पोरं घरोघरी हेच घेऊन फिरली. दारात उभं राहून ‘मत द्या’ म्हटलं की लोक मान हलवतात. ‘तुमचं नाव शोधून देऊ का?’ म्हटलं की आत बोलावतात, पाणी देतात, आणि गावाकडे गेलेल्या सुनेचं, पुण्यात कामाला असलेल्या पोराचं नाव स्वतःहून सांगतात. नेट नसलं तरी ॲप चालत होतं, हे विशेष, कारण आमच्या झोपडपट्टीच्या कोपऱ्यात रेंज येत नाही. प्रिंटरचा रोल मात्र एजन्सीकडून घेऊ नका, एजन्सीचा रोल बाजारभावापेक्षा दीडपट महाग होता. ॲपमध्ये जातीनुसार यादी काढायचाही रकाना होता. तो कोणी भरला, कुठल्या आधारावर, देव जाणे. आमचं आडनाव त्यांनी भलत्याच जातीत टाकलं होतं.

आणखी एक व्हिडिओ उपयोगी पडला, तोही घरचाच. नगरपरिषदेत आमच्याकडे एका मतदाराला तीन मतं द्यायची होती, नगराध्यक्ष, ‘अ’ जागा, ‘ब’ जागा. नऊ वर्षांत लोक हे विसरले होते. लोकसभा-विधानसभेला एकच बटण दाबायची सवय. एक बटण दाबून माणूस बाहेर निघाला तर आपलं मत राहिलंच की! पुतणीने पुठ्ठ्याचं यंत्र करून आजीला तीन बटणं दाबायला लावली, शेवटी लांब बीप स्वतः तोंडाने काढली. आजीने दुसऱ्या वेळी चुकीच्या चिन्हावर बोट ठेवलं आणि ‘अगं बाई’ म्हणाली, तेही तसंच ठेवलं. हा व्हिडिओ समोरच्यांच्या गल्लीतही फिरला. एजन्सीच्या कुठल्याही पोस्टरवर तीन मतांचा उल्लेख नव्हता. नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराची एजन्सी वेगळी, ‘ब’वाल्याची वेगळी, प्रत्येकाला आपल्याच गिऱ्हाइकाचं बटण दिसत होतं.

प्रचार १ डिसेंबरला रात्री १० वाजता संपला. आमची बूस्ट केलेली जाहिरात मात्र चालूच. जाहिरातीचं खातं एजन्सीचं, पोरगा फोन उचलेना, त्याच्याकडे त्या रात्री असे किती उमेदवार असतील कोण जाणे. पेजवर मला पोस्ट टाकायचा-काढायचा अधिकार होता, म्हणून मूळ पोस्टच उडवली. पोस्ट गेली की तिची जाहिरातही थांबते. पण हा अधिकारसुद्धा मी पहिल्या दिवशी भांडून घेतला होता, नाहीतर रात्रभर आचारसंहितेचा भंग जाऊबाईंच्या नावाने चालला असता.

मग ३ डिसेंबरची मोजणी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने २१ तारखेवर गेली. काही ठिकाणी २० ला मतदान बाकी होतं, सगळ्यांचा निकाल एकदमच लावायचा ठरला. पोरं स्ट्राँगरूमबाहेर शेकोटी करून बसली आणि एजन्सीने वाढीव दिवसांचं बिल पाठवलं. ‘पेज ॲक्टिव्ह ठेवायचं’ म्हणून. मी उत्तर पाठवलं की ॲक्टिव्ह आम्हीच आहोत, तुम्ही झोपा. विजयाचं पोस्टर त्यांनी २ तारखेलाच करून ठेवलेलं, त्यावर ३ डिसेंबर छापलेलं. २१ ला तेच आलं. तारीखही तीच.

मोजणीनंतर पेजचा पूर्ण ताबा मागितला तर म्हणे वर्षाचं मेंटेनन्स घ्या, नाहीतर पेज कंपनीची मालमत्ता. आम्ही घेतलं नाही. जानेवारीत त्या पेजचं नाव बदललं, फोटो बदलला, आणि आमचे सगळे फॉलोअर दुसऱ्या शहरातल्या कुणा महापालिकेच्या उमेदवाराचे झाले. जुन्या पोस्टमधली पाण्याच्या व्हिडिओखालची कमेंट अजून तिथे आहे, ‘ताई, कॉलनीत कधी येणार?’ त्या भावी नगरसेवकाने त्याला लाइक दिलंय.

तर, पाचपैकी दोन चांदण्या, त्या दोन्ही ॲप आणि प्रिंटरच्या. ते थेट ॲपच्या कंपनीकडून घ्या, कमिशन वाचेल. पेज स्वतःच्या फोनवरून, उमेदवाराच्या नावाने उघडा. बूस्टिंग नगराध्यक्षपदासाठी करा हवं तर, अख्खं गाव मतदार असतं, तिथे वर्तुळ जुळतं. प्रभागासाठी नको. आणि घरात अकरावीतलं कुणी असेल तर त्याला महिनाभर क्लासला सुट्टी द्या. आमच्या पुतणीने फी म्हणून नवा मोबाईल मागितलाय. त्याचा खर्च कुठल्या रकान्यात दाखवायचा, ते मात्र मला अजून सुचलेलं नाही.